मर्यादा यंत्राची, की लायसन्सची?

संशोधनाची तयारी करताना 'मेमरीच्या मर्यादेमुळे नमुन्याचा आकार कमी ठेवला' असं वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचाल. उद्या कदाचित स्वतः लिहालही. वाक्य साधं आहे, पण मर्यादा कोणाची हे ते सांगत नाही. प्रोसेसरची, ऑपरेटिंग सिस्टीमची, की लायसन्सची? सर्व्हरच्या मेमरीचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते लक्षात येतं.

सुरुवात गणितापासून करू. ३२-बिट पत्ता म्हणजे २ चा ३२वा घात, म्हणजेच ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते. प्रत्येक पत्त्यावर एक बाइट, म्हणून एकूण ४ जीबी. यात वाटाघाटीला जागा नाही. आकडे संपले की पत्ते संपले.

पण १९९५ मध्ये इंटेलचा पेंटियम प्रो आला आणि त्यासोबत पीएई नावाची सोय आली. प्रोसेसर तोच ३२-बिट, पण प्रत्यक्ष मेमरीचा पत्ता ३६ बिटांचा झाला. चार बिट वाढले म्हणजे क्षमता सोळा पट, ६४ जीबी. एका प्रोग्रॅमला एका वेळी दिसणारा अवकाश ४ जीबीचाच राहिला, पण अख्ख्या यंत्राला त्याहून जास्त मेमरी वापरता येऊ लागली. 'बत्तीस बिट म्हणजे चार जीबी, विषय संपला' हे विधान तेव्हापासून अर्धंच खरं आहे.

आता विंडोज २००० ची तक्ताबंदी पाहा. सर्व्हर आवृत्तीला ४ जीबी, अ‍ॅडव्हान्स्ड सर्व्हरला ८ जीबी, डेटासेंटर सर्व्हरला ३२ जीबी. तिन्ही एकाच पिढीच्या प्रोसेसरवर चालायच्या. म्हणजे ४ आणि ८ मधला फरक सिलिकॉनने ठरवलेला नव्हता, आवृत्तीने ठरवला होता. जास्त मेमरी हवी तर वरची आवृत्ती घ्या.

इथे घाई करू नका. 'कंपनीने पैशासाठी अडवलं' हा निष्कर्ष लगेच हाताशी येतो, पण ३२-बिट काळात दुसरंही एक कारण हजर होतं, ते म्हणजे ड्रायव्हर. नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर लिहिणाऱ्या अनेकांनी ४ जीबीच्या वरचा पत्ता येईल असं गृहीतच धरलं नव्हतं. तसा पत्ता आला की यंत्र कोसळायचं. मायक्रोसॉफ्टमधले मार्क रसिनोविच यांनी २००८ मध्ये घरगुती ३२-बिट विंडोजच्या मर्यादेचं हेच कारण दिलं. पुढे जेफ चॅपेल यांनी ३२-बिट विस्टाचा कर्नल उलगडून दाखवलं की मेमरीचा कमाल आकडा प्रत्यक्षात लायसन्सच्या माहितीतून वाचला जातो.

यातलं खरं कोणतं? दोन्हीही असू शकतात. चॅपेल यांनी मर्यादा *कशी* लागू होते ते दाखवलं, तर रसिनोविच यांनी ती *का* ठेवली ते सांगितलं. यंत्रणा आणि कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा नाही, हे संशोधनात फार लवकर शिकायला हवं.

मग लायसन्सचा परिणाम वेगळा काढायचा कसा? इतिहासानेच एक बऱ्यापैकी नियंत्रित तुलना करून ठेवली आहे. २००९ मध्ये विंडोज सर्व्हर २००८ आर२ फक्त ६४-बिट स्वरूपात आला. आता पत्त्यांची टंचाई नव्हती आणि ३२-बिट ड्रायव्हरची सबबही नव्हती. तरी स्टँडर्ड आवृत्तीला ३२ जीबी आणि एंटरप्राइजला २ टीबी! प्रोसेसर तोच, पत्त्यांची रुंदी तीच. बदलली फक्त आवृत्ती, आणि फरक ६४ पटींचा. ३२-बिट काळात एकमेकांत गुंतलेली कारणं इथे सुटी झाली.

वरच्या २ टीबीचं कारण मात्र निराळं. मर्यादेचा आकडा प्रत्यक्ष चाचणी करता येईल अशा यंत्रांवरून ठरतो, असं रसिनोविच यांचं स्पष्टीकरण होतं. म्हणजे एकाच तक्त्यातल्या शेजारच्या दोन आकड्यांमागेही कारणं वेगवेगळी असतात.

मेमरीवर किंमत लावण्याचा सर्वांत उघड प्रयत्न व्हीएमवेअरने केला. जुलै २०११ मध्ये व्हीस्फिअर ५ जाहीर करताना प्रत्येक लायसन्सला आभासी मेमरीचा कोटा जोडला गेला. एंटरप्राइज प्लसला तो ४८ जीबी होता. ज्यांनी कमी प्रोसेसर आणि भरपूर मेमरी अशी यंत्रं घेतली होती, त्यांचा हिशेबच कोलमडला. ग्राहक इतके भडकले की ऑगस्टमध्ये कोटा ९६ जीबी करावा लागला आणि २०१२ मध्ये ही पद्धतच मागे घेतली गेली. रात्रीतून दुप्पट होणारी मर्यादा भौतिकशास्त्राची नसते, हे वेगळं सांगायला नको.

विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये स्टँडर्ड आणि डेटासेंटर दोन्हींना ४ टीबी मिळाले. पण किंमतीतला फरक गेला नाही, फक्त रेघ सरकली. आता एका लायसन्सवर किती आभासी सर्व्हर चालवायचे यावर भेद आला: स्टँडर्डला दोन, डेटासेंटरला हवे तितके. २०१६ च्या आवृत्तीपासून हिशेब प्रोसेसरऐवजी कोअरवर गेला. एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालू लागले, तेव्हा मोजमापही तिकडे वळलं.

आता तुमच्या कामाकडे या. संगणक 'मेमरी संपली' म्हणाला की नमुना कापण्याआधी तीन गोष्टी तपासा. यंत्रात प्रत्यक्ष मेमरी किती आहे? ऑपरेटिंग सिस्टीमला त्यातली किती दिसते? आणि तुमच्या प्रोग्रॅमला किती वापरायची परवानगी आहे? सामायिक क्लस्टरवर ही तिसरी मर्यादा बहुधा रांगेच्या नियमात असते, आणि नियम बदलून मागता येतो. आवृत्तीमुळे अडलं असेल तर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरता येते. खरोखर मेमरीच कमी असेल, तर माहिती तुकड्यांत वाचणारी पद्धत शोधावी लागते.

प्रत्येक मर्यादेवरचा उपाय वेगळा आहे. म्हणून प्रबंधात नुसतं 'मेमरीच्या मर्यादेमुळे' लिहू नका. कोणती मर्यादा, किती जीबीची आणि कोणी घातलेली, हेही लिहा. तुमचं काम पुढे नेणाऱ्याला त्यावरूनच कळेल की ती भिंत होती, की नुसतं कुलूप लावलेलं दार.