भूल देण्याचे पहिले प्रयोग

नायट्रस ऑक्साइडने वेदना शमते, तेव्हा तो शस्त्रक्रियेत वापरता येईल, असे हम्फ्री डेव्हीने १८०० मध्येच सुचवले होते. पुढची चार दशके मात्र हा वायू लोक करमणुकीसाठीच हुंगत राहिले. जॉर्जियातील डॉक्टर क्रॉफर्ड लाँग याने १८४२ मध्ये ईथर देऊन मानेवरची गाठ काढली, पण ती हकीकत छापली १८४९ मध्ये. तोवर मान दुसऱ्याच्या पदरात पडला होता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये दंतवैद्य विल्यम मॉर्टन याने जाहीर प्रात्यक्षिकात ईथर दिले आणि जॉन वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवरील गाठ काढली. मॉर्टनने औषधाला रंग आणि वेगळे नाव देऊन ते गुपित ठेवू पाहिले. ईथरचा उग्र वास मात्र लपणारा नव्हता. डिसेंबरात लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टनने ईथरखाली पाय कापला. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. ते हुंगायला सुखद, पण जास्त घातक. १८४८ च्या जानेवारीतच नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत पंधरा वर्षांची मुलगी दगावली. मात्रा मोजून देण्याची शिस्त जॉन स्नोने आणली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यानेच क्लोरोफॉर्म दिले.