कल्याणच्या फलाटावरची झडती

कल्याण गाव जुने, आणि उतारूला अडवून ठेवण्याची त्याची खोडही जवळजवळ तितकीच जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातील बंदरांची माहिती लिहून ठेवली. ती 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. तीत कल्याणचा उल्लेख आहे, पण तो काही गौरवाचा नाही. पूर्वी हे बंदर परदेशी व्यापाराला रीतसर खुले होते, पुढे सत्ता बदलली तेव्हापासून येथे फार अडथळा होतो आणि चुकून एखादे ग्रीक गलबत आलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाते, असा त्याचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या खाडीत शिरलेल्या त्या नावाड्याने कपाळावर हात मारून घेतला असेल, तो मला दिसतो.

पुढे समुद्रावर पोर्तुगीजांचे 'कार्ताझ' आले. आपले लोकही यात मागे नव्हते. आंग्र्यांचे दस्तक जवळ असल्याशिवाय गलबताला सुखाने जाता येत नसे. पण हा सारा जाच माल, जकात आणि गलबते यांच्यापुरता. प्रवासाला निघालेल्या साध्यासुध्या माणसाला ओळीत उभे करून, त्याच्या अंगाला हात लावून 'हा पुढे जाण्यास योग्य आहे की नाही' हे सरकारने ठरवावे, हा प्रकार आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो १८९७ साली. आज विमानतळावर हात पसरून उभे राहताना आपल्याला ही विसाव्या शतकाची देणगी वाटते. तिचे मूळ आमच्या कल्याणच्या फलाटावर आहे, असे मी म्हटले तर मुंबईकर वाचकांनी हसू नये.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, हे शाळकरी मुलालाही पाठ असते. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, ठाण्याची खाडी ओलांडून आणि मुंब्र्याच्या डोंगरातून वाट काढून गाडी कल्याणला पोचली. येथून लोहमार्गाला दोन फाटे फुटले. एक बोरघाट चढून पुण्याकडे गेला, दुसरा थळघाट चढून नाशिककडे. बोरघाट १८६३ ला आणि थळघाट १८६५ ला खुला झाला, आणि तेव्हापासून जी. आय. पी. रेल्वेने मुंबईहून देशावर जाणारा प्रत्येक जीव कल्याणच्या एकाच गाळणीतून जाऊ लागला. गाळणी आयती तयार होती. साथ आली तेव्हा सरकारला ती नुसती वापरायची होती.

ती साथ १८९६ साली आली. सप्टेंबरात मांडवी भागातील रोग्यांना पाहून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे निदान केले. वर्तमानपत्रांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले. लोक नुसते 'गाठीचा रोग' म्हणत. त्या वर्षीची दिवाळी मुंबईने धास्तीतच काढली. मग पळापळ सुरू झाली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आत होती. त्यातील निम्म्याच्या आसपास लोक १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहर सोडून गेले असा त्या वेळचा अंदाज आहे. बोचकी, तांब्याचे हंडे, तान्ही मुले आणि म्हातारे यांनी गाड्या भरून वाहत होत्या.

इकडे युरोपातील राष्ट्रे डोळे वटारून बसली होती. मुंबईचा कापूस, मुंबईची जहाजे यांवर बंदी येण्याची धमकी होती. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेनिसला याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेव्हा हिंदुस्थान सरकारला काहीतरी करणे भागच होते आणि त्याहूनही, काहीतरी करताना दिसणे भाग होते. या दुसऱ्या गरजेने जगात पहिलीपेक्षा जास्त नियम जन्माला घातले आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा मंजूर झाला. कायदा एवढासा, अवघ्या चार कलमांचा. दुसऱ्या कलमात आगगाडीने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांना तपासण्याचा, आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ज्याचा संशय येईल त्याला इस्पितळात किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला. तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. आणि चौथ्यात असे की, या कायद्याखाली सद्हेतूने काही केले तर करणाऱ्यावर फिर्याद चालणार नाही. वाचकांनी ही तीन कलमे एकामागून एक पुन्हा वाचावी. संशय घेणारा अधिकारी, शिक्षा विरोध करणाऱ्याला, आणि दाद मागण्याची वाट बंद. सबंध कायद्यात 'रोगी' या शब्दापेक्षा 'संशय' हाच शब्द जास्त वजनदार आहे.

आता त्या फलाटावर चला. मुंबईहून गाडी येऊन थांबते. डब्यांतून उतारूंना खाली उतरवून ओळीने उभे करतात. डॉक्टर एका टोकाकडून येतो. डोळे लाल आहेत का, जीभ पांढुरकी आहे का, बोलणे जड आहे का, चाल झोकांड्या खाते का, हे पाहतो. अंग तापले आहे का पाहतो. मग जांघ आणि काख चाचपतो, कारण प्लेगची गाठ तेथेच येते. एकेका माणसाला लागायचा वेळ थोडा. पण त्या थोड्या वेळात चारचौघांसमोर परक्या पुरुषाने जांघेला हात लावायचा! ज्या समाजात पाण्याच्या तांब्यालाही परक्याचा हात चालत नसे, त्या समाजातली ही माणसे. कोणी सोवळ्याने प्रवास करणारा, कोणी हज करून आलेला, कोणी नुकते लग्न झालेला पोर. सगळ्यांना एक माप.

सगळ्यांना म्हणालो, पण ते खरे नव्हे. तिसऱ्या वर्गाचा उतारू आणि पहिल्या वर्गाचा साहेब यांच्याकडे पाहण्याची दृष्टी एक नव्हती. प्लेगचा जंतू तिकिटाचा रंग पाहत नाही, पण तपासणारा पाहत असे. स्त्रियांना स्त्री-डॉक्टरने किंवा परिचारिकेने तपासावे असा दंडक होता, आणि तो करणाऱ्यांचा हेतू मी वाईट म्हणणार नाही. पण डॉक्टरीण म्हणजे त्या काळी दुर्मीळ चीज, गाड्या मात्र भरून येणाऱ्या. कल्याणचे नाव निघाले की आपल्याला सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आठवते. तिला समकालीन कागदाचा आधार किती, हा वाद इतिहासकारांनी घालावा. परंतु ती गोष्ट पोवाड्याकीर्तनांत ऐकत वाढलेल्या माणसांच्या बायकालेकींना त्याच कल्याणला असे उभे राहावे लागले, हे त्यांना काय वाटले असेल याची कल्पना सरकारी अहवालांवरून येत नाही.

आणि संशय आला की पुढे काय? सामान वाफेने किंवा औषधी पाण्याने शुद्ध करायला जायचे, आणि माणूस इस्पितळात नाही तर छावणीत. व्हेनिसच्या ठरावाने रोगाची मुदत दहा दिवसांची धरली होती. दहा दिवस! ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठी हिवतापाला कधी तोटा नव्हता. साध्या थंडीतापाने अंग कढत झालेल्या माणसाने आपल्याला प्लेग नाही हे सिद्ध कसे करायचे? फौजदारी गुन्ह्यात गुन्हा सरकारने शाबीत करायचा असतो. येथे निरोगीपण आपण शाबीत करायचे. मद्रास इलाख्यात तर याहून पुढची मजल गेली. तेथे बाधित मुलखातून येणाऱ्याला 'प्लेग पासपोर्ट' देत, आणि मुक्कामी पोचल्यावर दहा दिवस रोज जाऊन तोंड दाखवावे लागे.

साहजिकच लोक वाटा काढत. कल्याणला पकडतात ना, मग अलीकडेच ठाण्याला उतरावे. खाडी आहे, होड्या आहेत, पायवाटा आहेत. तापाचा माणूस तर अशा वाटेने हटकून जाणार. म्हणजे गाळणीत निरोगी सापडावे आणि रोगी निसटावे, अशी ही योजना. अफाट माणसे तपासली गेली. त्या मानाने सापडलेले रोगी फारच थोडे, हे पुढे दिसून आले.

पुण्याचा इतिहास वाचकांना ठाऊकच आहे. रँडचा अंमल, २२ जून १८९७ ची ती रात्र, चापेकर बंधूंना फाशी, टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिने. तो येथे उगाळत नाही. एका प्रकरणाची मात्र आठवण देतो, कारण त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्यातील मित्रांच्या पत्रांवरून, तपासणीत सोल्जरांनी स्त्रियांची विटंबना केल्याचे आरोप त्यांनी तिकडच्या वर्तमानपत्रात केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांना उघड करता येईनात, आणि ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यावरून कित्येक वर्षे त्यांची हेटाळणी झाली. पण मला विचारायचे आहे ते निराळेच. जिची विटंबना झाली ती स्त्री नाव सांगून पुढे येणार कशी? आणि आलीच, तर चौथे कलम आडवे होतेच की! ज्या झडतीत अन्याय शाबीत करणे म्हणजे दुसऱ्यांदा अपमान करून घेणे, तेथे तक्रारी नव्हत्या म्हणून अन्याय नव्हता, असे म्हणता येत नाही.

टिळकांची भूमिकाही नीट समजून घेण्यासारखी आहे. उपाय नकोत असे ते म्हणत नव्हते. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उघडण्यात पुढाकार घेतला. त्यांचा रोख उपाय राबवण्याच्या रीतीवर होता. सावित्रीबाई फुले तर रोग्यांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ ला प्लेगने गेल्या. तेव्हा नियमाविरुद्ध बोलणारे ते अडाणी, रोगाचे मित्र, असा जो सूर इंग्रजी पत्रांत निघे तो निखालस खोटा होता.

सर्वांत मोठी गंमत, जर तिला गंमत म्हणता आले तर, पुढेच आहे. घरात उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, हे खेड्यातल्या म्हातारीलाही उमगले होते. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवून दिले, की प्लेग उंदरावरच्या पिसवेमार्फत पसरतो. कित्येक वर्षे शास्त्रज्ञांनीही त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही. म्हणजे कल्याणच्या फलाटावर डॉक्टर माणसाची काख चाचपत होता, त्याच वेळी धान्याची पोती मालगाडीतून घाट चढत होती, आणि पोत्यांत जे काही होते त्याला कोणी हात वर करायला सांगत नव्हते.

मी डोंबिवलीचा. पूर्वी आमच्या प्रवासाची सीमा कल्याण-कसारा. आता घरोघरची मुले अमेरिकेला, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांनाही विमानतळाची वाट पाठ झाली आहे. मागे एकदा मुंबईच्या विमानतळावर माझ्या पुढे नऊवारीतल्या एक आजी होत्या. स्त्रियांसाठी पडद्याची खोली असते तेथून त्या बाहेर आल्या, आणि मागे वळून त्या खाकी वेषातल्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, सापडलं का काही?" ती मुलगी मनापासून हसली. आजीही हसल्या. १८९७ च्या फलाटावर असे कोणी हसले असेल असे मला वाटत नाही, आणि हा फरक लहान नाही. तपासणारी आपली होती, तिची भाषा कळत होती, आणि आडोसा होता.

ही झडती उगीच आलेली नाही हेही मान्य केले पाहिजे. १९७१ साली 'गंगा' विमान लाहोरला पळवले, १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले. त्यानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला. माझे भांडण पहाऱ्याशी नाही, नियमाच्या आयुष्याशी आहे. २००१ साली एका माणसाने बुटात स्फोटके लपवली, म्हणून अमेरिकेत पुढे अनेक वर्षे कोट्यवधी माणसे मोजे घालून रांगेत उभी राहिली. ती सक्ती उठली २०२५ साली. झडतीचा नियम करायला एक दिवस पुरतो, तो मोडायला वीस वर्षेही अपुरी पडतात.

मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली. महाराष्ट्र सरकारने जे नियम काढले ते कोणत्या कायद्याखाली? त्याच, १८९७ च्या! परदेशातून उतरलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, तसे शिक्के असलेले उतारू आगगाड्यांतून उतरवले गेले, आणि डोंबिवलीच्या इमारतींतून शिक्केवाल्याच्या दाराकडे शेजारी कसे पाहत ते आम्ही पाहिले. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, घटना आली होती, आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी व्यक्तीचे खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला होता. कायदा मात्र तोच होता.

त्याच वर्षी संसदेने त्यात दुरुस्ती केली. डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकणाऱ्यांना कडक शिक्षा आली, आणि ती यायलाच हवी होती. जहाजांची तपासणी करण्याचे जे कलम होते त्यात बस, आगगाडी, मालवाहू गाडी आणि विमान यांची भर पडली. बंदराच्या जोडीला विमानतळ आला. चौथ्या कलमाला कोणी हात लावला नाही. ते १८९७ साली होते तसेच राहिले.