वरम : सूज आणि गाठ यांची गोष्ट

पाय मुरगळला, गाल सुजला की आमच्या घरांत 'वरम आला' म्हणतात. शब्द मूळ अरबी. अरबीत तो सुजेलाही लागतो आणि गाठेलाही. इब्न सीना (मृत्यू 1037) यांच्या 'अल-कानून' ग्रंथात 'सरतान', म्हणजे कर्करोग, हा वरमचाच एक प्रकार आहे.

यावरून 'आपल्या हकिमांना सगळे आधीच ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. दोन गोष्टींना एक नाव देणे वेगळे आणि त्यांचे नाते दाखवणे वेगळे. 1863 मध्ये जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्खो यांनी कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि दीर्घकाळच्या दाहाशी या रोगाचा संबंध जोडला. 1986 मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठीची तुलना कधीच न भरणाऱ्या जखमेशी केली.

मेंदूतील ग्लिओब्लास्टोमा या अतिशय आक्रमक गाठीला ही तुलना नेमकी लागू पडते. या गाठीचा तिसरा हिस्सा, कधी निम्मा भागही, मेंदूतल्या पहारेकरी पेशी आणि रक्तातून आलेल्या भक्षक पेशींचा असू शकतो. त्यांनी गाठीवर तुटून पडायचे, पण गाठ त्यांना फितवते. मग त्याच तिच्या वाढीला हातभार लावतात आणि इतर प्रतिकारक पेशींना थोपवतात.

सुजेवरचा मोठा उपाय 1961 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात पुढे आला. गॅलिसिच आणि फ्रेंच या डॉक्टरांनी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड वापरले. त्याने रक्तवाहिन्यांतून पाझरणारे पाणी कमी होते, डोक्यातला दाब उतरतो. पण हेच औषध प्रतिकारशक्तीही दाबते. प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या नव्या औषधांनी इतर काही कर्करोगांत नाव कमावले. ग्लिओब्लास्टोमात मात्र त्यांना तसे यश आलेले नाही. त्याच्या अनेक कारणांत स्टेरॉइडही येते. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनला टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड दिली, तेव्हा 2005 च्या अभ्यासात मध्यक (मीडियन) आयुष्य 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेले, एवढेच.

'स्टेरॉइड वाईट' असे ऐकून काही घरांत गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. तसे कधीही करू नये. सूज झपाट्याने उलटते आणि सवय झालेले शरीर कोलमडू शकते. डॉक्टरांना एवढेच विचारावे : कमीत कमी किती मात्रेत भागेल आणि ती कशी उतरवायची? हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाच्या माणसांना पूर्ण हक्क आहे.