मुरबाड

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. हे कल्याणच्या पूर्वेस सु. ३० किमी. अंतरावर, माळशेज घाटातून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. तालुक्याच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग व तीपलीकडे पुणे जिल्हा, उत्तरेस शहापूर, पश्चिमेस कल्याण, नैर्ऋत्येस अंबरनाथ व दक्षिणेस रायगड जिल्ह्यातील कर्जत हे तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार संपूर्ण तालुक्याची लोकसंख्या १,९०,६५२ होती. त्याच वर्षी जवळच्या उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ व कुळगाव–बदलापूरची १,७४,२२६ होती. म्हणजे एकट्या बदलापूर शहराची वस्ती सबंध मुरबाड तालुक्याच्या जवळपास पोहोचली होती. शेजारच्या या गावांची नगरे झाली आणि मुरबाड मात्र दीर्घकाळ शेतीप्रधान प्रदेशाची कचेरी व बाजारपेठ एवढेच राहिले. या भिन्नतेचे मूळ मुख्यत्वे दळणवळणाच्या इतिहासात आहे.

प्राचीन काळी परिस्थिती नेमकी उलट होती. तालुक्याच्या पूर्व सीमेवरील नाणेघाट हा जुन्नरला कल्याण व सोपारा या बंदरांशी जोडणारा प्रमुख व्यापारी मार्ग होता. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी शिलालेख असून त्यात यज्ञयाग व त्या प्रसंगी दिलेली दाने यांचे तपशील आहेत. याच लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींचे नामनिर्दिष्ट पुतळे होते. त्यांचे अवशेष मात्र अल्प आहेत. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा व तेथील व्यापारावर आलेल्या निर्बंधांचा उल्लेख सापडतो. नाणेघाट उतरून कल्याणकडे जाणारे तांडे मुरबाडच्याच प्रदेशातून जात. गोरखगड, मच्छिंद्रगड व सिद्धगड हे किल्ले देश आणि कोकण यांमधील वाटांवर लक्ष ठेवण्यास सोयीचे होते. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले, तेव्हापासून या घाटवाटांचे लष्करी महत्त्व अधिकच वाढले.

पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरबाड ठाणे जिल्ह्याचा एक स्वतंत्र तालुका म्हणून नांदत होता. मामलेदाराची कचेरी व खजिना यांमुळे गावाला प्रशासकीय प्रतिष्ठा लाभली. परंतु याच काळात लोहमार्ग आला, आणि तो मुरबाडला वगळून गेला. मुंबईहून निघालेला मार्ग १८५४ मध्ये कल्याणपर्यंत पोहोचला व तेथे त्याला दोन फाटे फुटले. ईशान्येकडील फाटा १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत व पुढे कसाऱ्याकडे गेला; आग्नेयेकडील फाटा अंबरनाथ व बदलापूरवरून १८५६ मध्ये पळसदरीपर्यंत गेला. थळ व बोर या घाटांतून रेल्वे वर चढताच नाणेघाटाची वाहतूक ओसरली. मुरबाड या दोन फाट्यांच्या बेचक्यात सापडले. शेकडो वर्षे हमरस्त्यावर असलेला मुलूख असा एका पिढीच्या अवधीत आडबाजूला पडला.

लोहमार्गाच्या काठच्या गावांचे भवितव्य मात्र पालटले. अकराव्या शतकातील शिलाहारकालीन शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथ येथे आगपेट्यांचा कारखाना व पुढे संरक्षण साहित्याचे कारखाने उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. तिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. उल्हास नदीकाठचे बदलापूर हे भातशेतीचे गाव उपनगरी गाड्यांमुळे मुंबईच्या नोकरदारांचे वसतिस्थान बनले.

मुरबाडचे अर्थजीवन यापेक्षा निराळे राहिले. तालुक्यात पाऊस विपुल पडतो. परंतु तो चार महिन्यांतच आटोपतो. खाचरांतून भात, डोंगरउतारावर नाचणी व वरई आणि भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल अशी पिकांची पारंपरिक रचना आहे. रोपे तयार करण्यापूर्वी पालापाचोळा, शेण व फांद्या जाळून जमीन भाजण्याची ‘राब’ ही पद्धती येथे रूढ आहे. कुणबी व आगरी शेतकऱ्यांबरोबरच ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या आदिवासी जमातींची वस्ती येथे मोठी आहे. पाऊस संपल्यावर काम उरत नसल्याने अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. १९४८ च्या कूळ कायद्याने व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी कुळांना मालकीची वाट मोकळी करून दिली. सातबाऱ्याचा उतारा, वारसनोंद, कर्ज, बी-बियाणे आणि दाखले यांसाठी पाड्यापाड्यांवरून माणसे तालुक्याच्या गावी येऊ लागली. गावाचा स्वभाव घडला तो या येण्याजाण्यातून.

तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची (म्हसोबाची) मोठी यात्रा भरते. भाताची कामे आटोपल्यानंतर येणाऱ्या या यात्रेतील बैलांचा व घोंगड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. कोकणातील शेतकरी व घाटावरील विक्रेते यांची येथे गाठ पडते. नाणेघाटाच्या व्यापाराने जोडलेले घाट व कोकण यांचे नाते या रूपाने टिकून आहे.

स्वातंत्र्य चळवळीतही हा दुर्गम प्रदेश अलिप्त नव्हता. १९४२ च्या आंदोलनात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबई परिसरातील वीजपुरवठा विस्कळीत केला. या दस्त्याने सिद्धगडाच्या रानात आश्रय घेतला होता. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांशी झालेल्या चकमकीत कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दरवर्षी या दिवशी तेथे हुतात्म्यांस अभिवादन करण्यात येते.

स्वातंत्र्योत्तर काळात मुरबाड व रेल्वेकाठची नगरे यांचा संबंध मुख्यतः पाण्यामुळे दृढ झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या बारवी धरणाचे पाणी ठाणे जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतींना व अनेक नगरांना मिळते. त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली, तेव्हा मुरबाड तालुक्यातील काही गावपाड्यांना विस्थापित व्हावे लागले. बाधित कुटुंबांना नोकऱ्या देण्याची मागणी दीर्घ संघर्षानंतर मान्य झाली. महानगराच्या पाण्यासाठी काळू नदीवर योजलेल्या धरणाचे काम वनविषयक मंजुरीच्या प्रश्नावरून २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबविले. दरम्यान गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली व ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. उल्हासनगरमार्गे कल्याण–मुरबाड लोहमार्गाची योजनाही आखण्यात आली.

रस्त्याकाठच्या शेतजमिनी बांधकामासाठी विकल्या जाऊ लागल्याने भातशेतीपुढे नवा प्रश्न उभा राहिला आहे. लोहमार्ग नसल्याने मुरबाडची वाढ खुंटली हे खरे. परंतु त्यामुळेच येथील खाचरे, राने व वाड्या-पाड्यांचे जीवन टिकले, हेही तितकेच खरे. बदलापूरने जो बदल सु. पन्नास वर्षांत अनुभवला, त्याच्या उंबरठ्यावर आता मुरबाड उभे आहे. महानगर जवळ येत असताना पाणी व जमीन यांचा मोबदला मूळ शेतकरी आणि आदिवासींच्या पदरी कितपत पडतो, यावर या तालुक्याचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.