मुले सांभाळणाऱ्या बायकांचा थोडा इतिहास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी पाळणाघराविषयी चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. अकरा वर्षे दुसऱ्यांची मुले सांभाळते आहे, त्यात लिहिण्यासारखे काय, असे वाटले. पण मंडळाच्या कपाटातील पुस्तके चाळताना ध्यानात आले की, या कामालाही इतिहास आहे आणि तो आपल्या घरातूनच गेलेला आहे.

माझ्या आजेसासूबाई परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. तान्हे मूल चाळीतल्या एका म्हातारीपाशी ठेवून त्या कामावर जात. जाण्यापूर्वी मुलाला बाळगोळी देत. ती अफूची. मूल दिवसभर गुंगीत पडून राही; म्हातारीला त्रास नाही आणि आईच्या जिवाला घोर नाही. लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मी त्यांना मनातून फार नावे ठेवली. पुढे वाचले की, १९२२ साली डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबईच्या कामकरी स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या बहुतेक तान्ह्यांना अफू दिली जात असल्याचे आढळले. म्हणजे एकट्या आजेसासूबाईंचा तो दोष नव्हता.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. १९७६ साली पन्नासांचे तीस झाले. मुले सांभाळणारी बाई त्या कामात तयार झालेली असावी, असेही त्यात होते. पण हा कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. चाळीतल्या म्हातारीचे नाव त्यात कोठेच आले नाही.

मला सर्वांत आवडलेली हकीकत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची. १९४५ साली बोर्डी येथे ताराबाईंनी ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आणखी एक गोष्ट दिसली : मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, तिचे नाव विकासवाडी. बहीण शिकते आहे आणि भाऊ शेजारी झोळीत आहे! हे मी दोनदा वाचले. मूल सांभाळणारी ती पोरही थकते, तिलाही काही हवे असते, हे कोणाच्या तरी लक्षात आले होते. शिवाय ताराबाई एकट्या नव्हत्या. त्यांना अनुताईंची जोड होती.

आता माझे सांगते. माझ्याकडे नऊ मुले होती. सकाळी सातला पहिले येई आणि रात्री आठ वाजले तरी शेवटच्याची आई पोहोचलेली नसे. लोकल चुकली म्हटल्यावर तिला तरी काय बोलायचे? शनिवारी "मावशी, जरा दोन तास," म्हणून कोणी ना कोणी येईच. हळूहळू मला मुलांचे रडणे ऐकूच येईनासे झाले. जेवण भरवायचे, पुसायचे, झोपवायचे. कोणाचे भरवले याची आठवण नाही. स्वतःच्या मुलाने काही विचारले तरी अंगावर धावून जाई.

एका दुपारी एक दीड वर्षाचे मूल काही केल्या झोपेना. सर्दीच्या औषधाने गुंगी येते, हे मला ठाऊक होते. बाटलीचे झाकण मी उघडले. मुलाला सर्दी नव्हती. चमचा हातात धरल्यावर आजेसासूबाई आठवल्या आणि मी मोरीत जाऊन बाटली ओतून टाकली. मग तेथेच बसून रडले. मूल दाराशी येऊन माझ्याकडे पाहत होते.

त्या रात्री मी यांना सगळे सांगितले. यांनी बोल लावला नाही, एवढे खरे. दुसऱ्या आठवड्यात मुले नवाची सहा केली. पैसे कमी झाले, दोन महिने ओढाताण झाली. संध्याकाळी सातनंतर मूल ठेवणार नाही, असे आयांना सांगितले. एकीने रागाने मूल काढून नेले, बाकीच्यांनी आपसांत पाळी लावून सोय केली. हे आधी का सांगितले नाही, असे आता वाटते. मीच सगळ्यांना हो म्हणत गेले होते.

तरी खरा आधार मिळाला तो मंडळातून. बुधवारी दुपारी दोन ते चार मंडळातल्या दोघीजणी पाळीपाळीने माझ्या घरी बसतात. पहिल्या बुधवारी काय करावे ते सुचेना, म्हणून मंडळाच्या खोलीत सतरंजीवर चक्क झोपले. नंतर कपाटातली पुस्तके काढू लागले, आणि हा लेखही त्याच दुपारी लिहिला. आता चार वाजत आले. ते दीड वर्षाचे मूल आता तीन वर्षांचे आहे, आणि मी जिना चढताना दिसले की, "मावशी आली" म्हणून वरून ओरडते.