ई-सिम व आंतरराष्ट्रीय रोमिंग
ई-सिम : भ्रमणध्वनी संचात कायमची बसविलेली व ग्राहकाची ओळख दुरून भरून घेणारी चिप. काढता-घालता येणाऱ्या सिम कार्डाचेच काम ती करते. परदेशी जाणाऱ्यांत तिचा प्रसार होण्यास मात्र तिच्या रचनेपेक्षा रोमिंगचे दर अधिक कारणीभूत झाले.

भ्रमणध्वनीच्या पहिल्या पिढीतील यंत्रणा देशोदेशी भिन्न असल्याने सीमा ओलांडताच संच बहुधा निरुपयोगी होई. नॉर्डिक देशांची १९८१ मधील सामाईक यंत्रणा हा सन्मान्य अपवाद होय. यूरोपीय टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने १९८२ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटातून जीएसएम प्रणाली सिद्ध झाली. तिच्यावरील पहिले संभाषण १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाले. पहिली सिम कार्डे म्यूनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या, चलनी नोटांच्या छपाईसाठी प्रसिद्ध असलेल्या, कंपनीने बनविली. १९९२ मध्ये टेलिकॉम फिनलंड व ब्रिटनमधील व्होडाफोन यांच्यात या प्रणालीतील पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला.

सिममधील ओळख-क्रमांक सामान्यतः १५ अंकी असून त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवितात (भारतासाठी ४०४ व ४०५). परक्या देशातील यंत्रणा ते वाचून मूळ कंपनीकडे ग्राहकाची खातरजमा करून घेते. त्यानंतर प्रवाशाने मागविलेली माहिती बहुधा त्याच्या मायदेशाला वळसा घालूनच येते. पाहुण्या देशातील कंपनी घाऊक आकार मूळ कंपनीकडून घेते व मूळ कंपनी आपला नफा चढवून तो प्रवाशाकडून वसूल करते. प्रवासी तिचा ग्राहकच नसल्याने दर उतरविण्याची त्या परक्या कंपनीला निकड नसे. दुखण्याचे मूळ येथे होते. यूरोपीय संघाने २००७ पासून संभाषणाच्या दरांस मर्यादा घातली. माहितीसाठी १ जुलै २०१२ पासून प्रत्येक मेगाबाइटला, कर वगळून, कमाल ७० सेंट ठरले. या ‘उतरविलेल्या’ दरानेही एक गिगाबाइट माहितीस सुमारे ७०० यूरो पडत. संघांतर्गत अधिभार १५ जून २०१७ रोजी रद्द झाले. इतरत्र प्रवासी विमानतळावर स्थानिक कार्ड विकत घेत राहिला. ते घालण्यासाठी स्वतःचे कार्ड काढले, की मायदेशीच्या बँकेचा सांकेतिक क्रमांक त्याला मिळेनासा होई.

ई-सिमचा आरंभीचा विचार मोटारी, वीजमापके अशा यंत्रांसाठी झाला होता. ग्राहकोपयोगी साधनांसाठीची मानके २०१६ मध्ये आली. त्याच वर्षी सॅमसंगच्या मनगटी घड्याळात, २०१७ मध्ये गूगलच्या पिक्सेल २ मध्ये व २०१८ मध्ये ॲपलच्या आयफोन संचांत ती उपलब्ध झाली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ ला (२०२२) कार्डाची खाचच नव्हती. प्रत्येक चिपला ३२ अंकी क्रमांक असतो. क्यूआर संकेत टिपला, की विक्रेत्याच्या सर्व्हरवरून कूटबद्ध ओळख चिपमध्ये उतरते. मूळ क्रमांकही चालू ठेवता येतो. ओळख उतरवून घेण्यास इंटरनेट लागत असल्याने हे काम निघण्यापूर्वीच उरकणे श्रेयस्कर. संच एका कंपनीपुरता कुलूपबंद असल्यास मात्र उपाय चालत नाही.

प्रवासी ई-सिमही बरेचदा तिसऱ्याच देशातील कंपनीची रोमिंग ओळख असते. अशा वेळी बँकॉकमध्ये बसलेल्या प्रवाशाची माहिती सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाऊ शकते, आणि संकेतस्थळांना तो तेथेच असल्याचे भासते. भारतात परदेशी सिम विकण्यास दूरसंचार विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसलेल्या दोन परदेशी विक्रेत्यांची ॲप जानेवारी २०२४ मध्ये शासनाच्या आदेशाने भारतातील ॲप भांडारांतून हटविण्यात आली.