सुटलेला बुडबुडा

स्कॅनमध्ये आजार दिसत असूनही निसटतो कसा, हा प्रश्न सीटीहून जुना आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयाच्या शोधासाठी छातीचे एक्स-रे घाऊक निघत. कुठली फिल्म बरी हे ठरवायला तज्ज्ञ बसवले, तर फिल्मपेक्षा तज्ज्ञांमध्येच जास्त फरक! १९४९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेन्री गार्लंड यांनी लिहिलं, की दोष असलेल्या फिल्मांपैकी साधारण ३० टक्के नजरेतून सुटतात. आपल्याच बिरादरीबद्दल हे छापणं मला तरी धाडसाचं वाटतं.

१९७१ मध्ये लंडनला हाउन्सफील्डच्या यंत्राने डोक्याचा पहिला स्कॅन केला. पोट अवघड, एका कापाला काही मिनिटं लागत, आणि आतडी कुठली तेवढी थांबायला! पुढे यंत्रं वेगवान झाली, डोळे तेच राहिले.

हाउन्सफील्डच्या मापात पाणी ०, चरबी सुमारे उणे १००, हवा उणे १०००. पोटाच्या नेहमीच्या विंडोत चरबीही गडद, त्यामुळे फुटलेल्या आतड्यातून सुटलेला हवेचा बुडबुडा तिच्यात हरवतो. तोच काप फुप्फुसाच्या विंडोत लावला की चरबी उजळते, बुडबुडा काळाच राहतो. पेशंट त्याच रात्री ऑपरेशनला जाणार की सकाळपर्यंत थांबणार, हे कधीकधी या एका बदलावर ठरतं.